नोकरी सुटल्यावर कामगाराचा दर्जा कसा टिकतो?

आयर्लंडमध्ये राहणाऱ्या एका वाचकांनी सविस्तर पत्र पाठवले आहे. ते मूळचे पेडण्याचे. त्यांच्या वडिलांचा जन्म १९६१ पूर्वीच्या गोव्यातला असल्यामुळे त्या जन्माची नोंद पोर्तुगालमध्ये करून त्यांनी स्वतःचे पोर्तुगीज नागरिकत्व मिळवले. लिस्बनजवळच्या एका हॉटेलाच्या स्वयंपाकघरात १४ महिने काम करून ते सहकुटुंब आयर्लंडला गेले. पत्नी सावंतवाडीच्या, भारतीय नागरिक, एका कॅफेत काम करतात. मुलगी सहा वर्षांची, तिथल्या प्राथमिक शाळेत शिकते. एका एजन्सीमार्फत त्यांनी गोदामात सलग ११ महिने काम केले आणि सात आठवड्यांपूर्वी ‘सध्या काम नाही, आठवड्याभरात कळवतो’ असे सांगून त्यांना घरी बसवण्यात आले. ते कळवणे आजतागायत झालेले नाही. गेल्या आठवड्यात ते मदतीसाठी सरकारी कार्यालयात गेले, तेव्हा ‘देशात दोन वर्षे झालेली नाहीत, त्यामुळे तुम्हाला काही मिळणार नाही’ असे खिडकीवर तोंडी सांगण्यात आले. ओळखीच्या लोकांनी त्यावर भर घातली की, सरकारी मदत मागितली तर पत्नीचे निवासकार्डही रद्द होईल. ते विचारतात : माझा काही हक्क आहे का? मागितल्याने आम्हाला देश सोडावा लागेल का? आणि पेडण्याला एकट्या राहणाऱ्या, माझ्यावरच अवलंबून असलेल्या आईला इकडे आणले तर तिला काही आधार मिळू शकेल का?

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील ‘हात पसरायची सवय नाही’ हे वाक्य वाचून वाईट वाटले, म्हणून आधी एवढेच सांगतो की, आपण जे मागणार आहात ती कोणाची मेहेरबानी नाही. ११ महिने आपल्या पगारातून कर आणि सामाजिक विम्याची वर्गणी कापली गेली आहे आणि युरोपीय संघाच्या कायद्याने कामगाराला त्या देशाच्या नागरिकाच्या बरोबरीने वागवण्याचे बंधन आयर्लंडवर घातलेले आहे. हक्काचे सविस्तर विवेचन पुढे करतोच. पण एक गोष्ट हे उत्तर पूर्ण वाचण्याच्याही आधी करण्याजोगी आहे.

आपण अद्याप नोकरी शोधणारे म्हणून इंट्रिओ केंद्रात, म्हणजे तिथल्या सरकारी रोजगार कार्यालयात, नाव नोंदवलेले नाही, असे पत्रावरून दिसते. ते उद्याच नोंदवावे. युरोपीय संघाच्या २९ एप्रिल २००४ च्या निर्देशात, म्हणजे नागरिकांच्या मुक्त संचाराचा जो मूळ कायदा मानला जातो त्यात, सातव्या कलमाच्या तिसऱ्या उपकलमाने असे म्हटले आहे की, स्वतःची इच्छा नसताना ज्याची नोकरी गेली आणि ज्याने रोजगार कार्यालयात नाव नोंदवले, तो कामगाराचा दर्जा गमावत नाही. नोकरी एक वर्षाहून अधिक काळ झालेली असेल तर हा दर्जा ठरावीक मुदतीविना चालू राहतो. पहिल्या १२ महिन्यांतच ती सुटली असेल तर तो किमान सहा महिने टिकतो. आपले काम ११ महिन्यांचे, म्हणून आपल्याला दुसरा नियम लागू पडतो. म्हणजे वेळ मोजका आहे, आणि त्यातले सात आठवडे नोंदणीशिवाय गेले आहेत. नोंदणीला विनाकारण उशीर झाला असे दिसले तर दर्जा मधेच तुटला असा अर्थ काढला जाऊ शकतो. त्यासाठी एजन्सीने ‘आठवड्याभरात कळवतो’ म्हटल्याचे जे संदेश फोनवर असतील ते जपून ठेवावेत आणि अर्जासोबत त्यांच्या प्रती द्याव्यात. कामाच्या आशेवर थांबणे हे उशिराचे समजण्याजोगे कारण आहे, पण ते कागदावर आले तरच. त्याचबरोबर एजन्सीकडून काम संपल्याचे पत्र मागावे आणि त्यात आपण ‘स्वेच्छेने काम सोडले’ असा शब्दप्रयोग नाही ना, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे. त्या शब्दांनी वरचा सगळा हक्क पुसला जाऊ शकतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मुक्त संचाराच्या कायद्यात ‘हा माणूस देशात किती दिवस आहे’ यापेक्षा ‘तो कोणत्या नात्याने राहतो आहे’ हा प्रश्न आधी विचारला जातो. पहिले तीन महिने कोणीही युरोपीय नागरिक केवळ पासपोर्ट किंवा ओळखपत्रावर राहू शकतो. पण कामगार नसलेल्याला त्या काळात सामाजिक साहाय्य देण्याचे बंधन यजमान देशावर नाही. तीन महिन्यांनंतर मात्र माणूस कामगार असावा लागतो, किंवा स्वतःचा व्यवसाय करणारा, किंवा पुरेसे पैसे आणि आरोग्य विमा असलेला, किंवा विद्यार्थी, किंवा यांपैकी कोणाचा तरी कुटुंबीय. सलग पाच वर्षे कायदेशीर वास्तव्य झाले की कायमच्या निवासाचा हक्क मिळतो आणि मग या अटी उरत नाहीत. या सर्व नात्यांत कामगाराचे नाते सर्वांत भक्कम आहे, कारण त्याच्याकडे पुरेसे पैसे असल्याचा पुरावा मागता येत नाही आणि समान वागणुकीचा त्याचा हक्क पहिल्या दिवसापासून पूर्ण असतो.

आपल्याकडच्या अनेकांचा असा समज आहे की, युरोपच्या न्यायालयाने परदेशी लोकांची मदत बंद केली. या समजाचे मूळ बहुधा ११ नोव्हेंबर २०१४ च्या निकालात आहे. जर्मनीतल्या लायप्झिग शहरात राहणाऱ्या एका रुमानियन महिलेला निर्वाहभत्ता नाकारण्यात आला होता आणि लक्झेंबर्गमधल्या युरोपीय संघाच्या न्यायालयाने तो नकार योग्य ठरवला. परंतु त्या महिलेने जर्मनीत काम केलेले नव्हते आणि ती काम शोधतही नव्हती, हे त्या निकालाचे सार आहे. आपली परिस्थिती तिच्याहून सर्वस्वी वेगळी आहे. आपल्याला जवळचा निकाल ११ एप्रिल २०१९ चा आहे, आणि तो आयर्लंडमधूनच गेलेल्या प्रकरणात लागला. एका रुमानियन नागरिकाने तिथे जेमतेम दोन आठवडे नोकरी केली होती. ती त्याच्या इच्छेविरुद्ध गेली आणि त्याने नाव नोंदवले. त्याचाही कामगाराचा दर्जा किमान सहा महिने टिकतो असे न्यायालयाने सांगितले. दोन आठवड्यांच्या कामाने जे मिळते ते ११ महिन्यांच्या कामाने मिळणार नाही, असे म्हणण्यास काहीही आधार नाही.

खिडकीवर सांगितलेल्या ‘दोन वर्षां’चा उगमही समजून घेण्यासारखा आहे. १ मे २००४ रोजी पूर्व आणि मध्य युरोपातील आठ देशांसह एकूण दहा देश संघात आले. आयर्लंडने त्यांच्या कामगारांना पहिल्या दिवसापासून दार उघडले आणि त्याच दिवसापासून कल्याणकारी लाभांसाठी ‘हॅबिच्युअल रेसिडन्स’ची, म्हणजे नेहमीच्या वास्तव्याची अट लागू केली. दार उघडताना वाटलेल्या भीतीतून ही अट जन्माला आली, असे माझे मत आहे, आणि आज वीस वर्षांनंतरही ती भीती खिडकीवरच्या बोलण्यातून डोकावते. या अटीत दोन वर्षांचा उल्लेख आहे हे खरे; पण तो केवळ एका गृहीतकापुरता आहे. दोन वर्षे पूर्ण नसतील तर वास्तव्य नेहमीचे नाही असे प्रथमदर्शनी धरले जाते आणि अर्जदाराने पुरावा दिला की ते गृहीतक बाजूला पडते. अधिकाऱ्याने पाच गोष्टी तपासायच्या असतात : वास्तव्य किती आणि किती सलग आहे, देशाबाहेर किती काळ आणि कशासाठी गेला होता, नोकरीचे स्वरूप आणि क्रम काय आहे, आयुष्याचे मुख्य केंद्र कुठे आहे, आणि पुढचा इरादा काय आहे. पत्नी सोबत, मुलगी शाळेत, घर भाड्याने घेतलेले, ११ महिन्यांचे सलग काम, भारतात एकदाही परत न जाणे, हे सारे आपल्या बाजूचे आहे. केवळ कालावधी मोजून दिलेला नकार म्हणजे पाचांपैकी एकच गोष्ट पाहून दिलेला नकार, आणि तो टिकण्याजोगा नाही.

परंतु या अटीपर्यंत जाण्याचीच गरज कदाचित पडणार नाही, आणि ही शक्यता आपल्याला कोणी सांगितलेली दिसत नाही. कल्याणकारी लाभ दोन जातींचे असतात. एक, वर्गणीवर आधारलेले, म्हणजे विम्यासारखे. दुसरे, गरजेवर आधारलेले, ज्यांसाठी घराचे उत्पन्न तपासले जाते. नेहमीच्या वास्तव्याची अट दुसऱ्या जातीच्या अनेक लाभांना लागते. वर्गणीवर आधारलेल्या बेकारभत्त्याला ती लागत नाही. आयर्लंडमध्ये अशा भत्त्यासाठी कामाला लागल्यापासून एकूण १०४ आठवड्यांची वर्गणी ही एक प्रमुख अट आहे, आणि शिवाय अलीकडच्या काळातली काही वर्गणी असावी लागते. ११ महिन्यांचे सुमारे ४७ आठवडे होतात, म्हणून नुसत्या आयर्लंडच्या हिशेबाने आपण निम्म्यावरही पोहोचत नाही. पण संघाचा सामाजिक सुरक्षेच्या समन्वयाचा ८८३/२००४ हा विनियम असे सांगतो की, एका सदस्य देशातील विम्याचा काळ दुसऱ्या देशाने आपल्याच काळात मिळवून मोजला पाहिजे. बेकारभत्त्याच्या बाबतीत अट एवढीच की, शेवटचे काम ज्या देशात मागणी करायची त्या देशातले असावे. आपले शेवटचे काम आयर्लंडमधले आहे. पोर्तुगालमधील १४ महिने म्हणजे सुमारे ६० आठवडे. दोन्ही मिळून १०४ चा आकडा ओलांडला जातो, मात्र अगदी थोडक्याने. म्हणून हॉटेलातले सर्वच महिने कागदोपत्री विमाकृत होते की काही महिने मालकाने नोंदच केली नव्हती, हे आधी तपासावे लागेल. हा काळ सिद्ध करणाऱ्या दाखल्याला यू१ म्हणतात. तो पोर्तुगालच्या सामाजिक सुरक्षा खात्याकडून मिळतो. आयर्लंडचे खातेही तो परस्पर मागवू शकते. अर्जात ‘मी पोर्तुगालमध्ये विमाकृत काम केले आहे’ असे स्पष्ट लिहावे, कारण न लिहिल्यास तो कोणी आपणहून शोधत बसणार नाही. माझ्या मते आपली पहिली मागणी हीच असावी. हा पैसा वर्गणीचा आहे. त्यात पत्नीच्या कॅफेतल्या कमाईची चौकशी येत नाही आणि ‘सरकारवर ओझे’ हा शब्दप्रयोगही येत नाही.

वर्गणी कमी पडली तर गरजेवर आधारलेला जॉबसीकर्स अलाउन्स मागावा. त्यात पत्नीचे उत्पन्न धरले जाईल. निर्णय लागेपर्यंत घर चालवण्यासाठी सप्लिमेंटरी वेल्फेअर अलाउन्स नावाची मूलभूत मदत आहे, आणि ज्याला कामगाराचा दर्जा आहे त्याला तिच्यासाठी नेहमीच्या वास्तव्याची अट लावली जात नाही. मुलीच्या चाइल्ड बेनिफिटसाठी, जे महिन्याला १४० युरो आहे, आपण अर्जच केलेला नाही हे वाचून आश्चर्य वाटले. हा कुटुंबलाभ आहे, सामाजिक साहाय्य नव्हे, आणि आयर्लंडमध्ये वर्गणी भरणाऱ्या युरोपीय कामगाराला त्यासाठीही ती वास्तव्याची अट नाही. अर्ज आता करावा आणि मागील काळाची थकबाकीही कारण देऊन मागावी.

आता ज्या मुद्द्यावर मला सर्वांत जास्त भर द्यायचा आहे त्याकडे येतो. समजा, सहा महिने संपले आणि नोकरी मिळाली नाही. तेव्हा आपण काय राहाल? सर्वसाधारण उत्तर असे की, ‘काम शोधणारा’. प्रामाणिकपणे काम शोधत असाल आणि ते मिळण्याची खरी शक्यता असेल तोवर आपल्याला देशाबाहेर काढता येणार नाही, परंतु निर्देशाच्या २४ व्या कलमानुसार त्या काळात सामाजिक साहाय्य नाकारण्याची मुभा देशाला आहे. १५ सप्टेंबर २०१५ रोजी बर्लिनमधील एका स्वीडिश कुटुंबाच्या प्रकरणात नेमके हेच घडले. आईने आणि थोरल्या मुलीने एक वर्षाहून कमी काळ तुटक कामे केली होती, सहा महिन्यांनी त्यांचा कामगाराचा दर्जा संपला आणि त्यानंतर मदत थांबवणे न्यायालयाने वैध ठरवले. घरात लहान मुले होती. पण ते कुटुंब केवळ काम शोधणारे म्हणून राहते, असेच जर्मनीतल्या न्यायालयाने धरले होते आणि प्रश्न त्याच चौकटीत विचारला गेला.

पाच वर्षांनी, ६ ऑक्टोबर २०२० रोजी, याच न्यायालयासमोर जर्मनीतलेच पण क्रेफेल्ड शहरातले प्रकरण आले. पोलंडचा एक बाप, दोन शाळकरी मुली, आधी केलेली नोकरी आणि मग बेकारी. वरवर पाहता तीच गोष्ट. परंतु या वेळी मुलींच्या शाळेचा हक्क पुढे ठेवला गेला. कामगारांच्या मुक्त संचाराविषयीचा ४९२/२०११ हा विनियम आहे आणि त्याच्या दहाव्या कलमानुसार, जो त्या देशात काम करतो किंवा पूर्वी करत होता त्याच्या मुलांना तिथल्या शाळेत त्या देशाच्या मुलांच्या बरोबरीने शिकण्याचा हक्क आहे. मुलाला शिकायचे तर त्याला सांभाळणारे माणूस सोबत हवे, म्हणून २००२ पासूनच्या निकालांनी त्या पालकालाही राहण्याचा हक्क दिलेला आहे, आणि २३ फेब्रुवारी २०१० च्या निकालांनी हेही स्पष्ट केले की, त्यासाठी पुरेसे पैसे असण्याची अट नाही. क्रेफेल्डच्या निकालाने यापुढची पायरी गाठली : ज्याला हा हक्क आहे, त्याला ‘तू आता केवळ काम शोधणारा आहेस’ असे म्हणून सामाजिक साहाय्य नाकारता येणार नाही.

या दोन निकालांमधल्या अंतरात आपल्यासारख्या किती कुटुंबांचे नुकसान झाले असेल, हा विचार मला अस्वस्थ करतो. मदत मागणाऱ्याने स्वतःच्या कोणत्या हक्काचे नाव घेतले यावर एवढे अवलंबून असावे, हे न्याय्य नाही. तो हक्क शोधून काढण्याची जबाबदारी खरे तर कार्यालयाची असायला हवी. पण सध्या वस्तुस्थिती तशी नाही. म्हणून आपल्या अर्जात, पहिल्याच अर्जात, दोन्ही आधार लिहावेत : एक, नोकरी इच्छेविरुद्ध गेल्यामुळे टिकलेला कामगाराचा दर्जा, आणि दोन, मुलगी इथल्या शाळेत शिकत असल्यामुळे तिचा सांभाळ करणारा पालक म्हणून विनियम ४९२/२०११ च्या दहाव्या कलमाखालील वास्तव्याचा हक्क. मुलीने शाळेत प्रवेश घेतला तेव्हा आपण नोकरीत होता, ही गोष्ट फार मोलाची आहे. शाळेकडून प्रवेशाची तारीख आणि नियमित हजेरी नमूद करणारे पत्र घ्यावे. सहा महिन्यांचा काळ संपला तरी हा दुसरा आधार तिचे शिक्षण चालू असेपर्यंत टिकतो. एक सावधगिरी मात्र हवी : केवळ या आधारावर काढलेली वर्षे कायमच्या निवासाच्या पाच वर्षांत धरली जात नाहीत, म्हणून कामगार म्हणून पुन्हा उभे राहण्याचा प्रयत्न सोडू नये.

त्यासाठी पूर्णवेळच काम मिळाले पाहिजे असे नाही. १९८२ पासून न्यायालय सांगत आले आहे की, काम खरे आणि प्रत्यक्ष असले, नाममात्र नसले, की अर्धवेळ काम करणाराही कामगारच असतो. आठवड्याला १२ तास शिकवणाऱ्या संगीतशिक्षकाला १९८६ मध्ये हा दर्जा मान्य झाला, त्याची उरलेली गरज सरकारी मदतीतून भागत असतानाही. आठवड्याला साडेपाच तास सफाईकाम करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीतही, सर्व परिस्थिती पाहता ती कामगार ठरू शकते, असे २०१० मध्ये सांगितले गेले. तेव्हा ‘एवढ्याशा कामाने काय होणार’ असे म्हणून शनिवार-रविवारचे काम नाकारू नये. मात्र ते रोखीचे, बिननोंदीचे नसावे; पगाराची चिठ्ठी नसेल तर पुढे काहीच सिद्ध करता येत नाही.

पत्नीच्या कार्डाविषयी. सामाजिक साहाय्य मागितले म्हणून आपोआप हद्दपारी होऊ शकत नाही, असे निर्देशाच्या १४ व्या कलमात स्पष्ट शब्दांत लिहिले आहे, आणि कामगाराला तर गंभीर स्वरूपाच्या सार्वजनिक सुव्यवस्थेच्या किंवा सुरक्षेच्या कारणाशिवाय काढताच येत नाही. त्याही आधी, २० सप्टेंबर २००१ रोजी, बेल्जियममध्ये शिकणाऱ्या एका फ्रेंच विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षी निर्वाहभत्ता नाकारल्याच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले होते की, सदस्य देशांनी परस्परांच्या नागरिकांच्या तात्पुरत्या अडचणीत काही प्रमाणात आर्थिक साथ देणे अपेक्षित आहे. पत्नीचे कार्ड आपल्या दर्जावर उभे आहे, हे मात्र खरे. म्हणून आपला दर्जा कागदावर सलग दिसणे हेच त्या कार्डाचे संरक्षण आहे, आणि नोंदणी टाळून गप्प बसण्याचा जो सल्ला आपल्याला मिळाला आहे तोच उलट धोक्याचा आहे. नोकरी सुटल्याची गोष्ट कोणत्याही कार्यालयापासून लपवू नये. पत्नीने कॅफेतले काम चालू ठेवावे. युरोपीय नागरिकाची जोडीदार म्हणून तिला काम करण्याचा हक्क आहे. तिची कमाई घराच्या साधनांत धरता येते, हे २०१५ मध्ये आयर्लंडच्याच एका प्रकरणात मान्य झालेले आहे.

ब्रिटनमधल्या स्विंडन शहरात राहणाऱ्या आपल्या चुलतभावांना काय मिळते याच्याशी तुलना करू नये. ब्रिटनमध्ये मुक्त संचार ३१ डिसेंबर २०२० ला संपला. त्यापूर्वी जे तिथे राहत होते त्यांनीच ३० जून २०२१ पर्यंत सेटलमेंट योजनेत अर्ज करायचा होता. आयर्लंड आणि ब्रिटन यांच्यातील सामायिक प्रवासक्षेत्रात मोकळेपणाने राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क त्या दोन देशांच्या नागरिकांना आहे, पोर्तुगीज पासपोर्टवर तो मिळत नाही. ‘तिकडे ये, बघू’ असे कोणी म्हणत असेल तर जाऊ नये.

आईंविषयी आपण फार संकोचाने लिहिले आहे. आपल्यावर अवलंबून असलेले आईवडील हे निर्देशाच्या दुसऱ्या कलमानुसार कुटुंबीयच आहेत, मग त्यांचे नागरिकत्व कोणतेही असो. त्यांचे अवलंबन त्या पेडण्यात असतानाच खरे असले पाहिजे, आणि ते का निर्माण झाले हे सिद्ध करावे लागत नाही. दरमहा पाठवलेल्या पैशांच्या बँकेतल्या नोंदी, औषधपाण्याची बिले, त्यांना दुसरे पुरेसे उत्पन्न नसल्याचा कागद, एवढे आतापासून जमवावे. आईंच्या आधाराविषयीचा निकाल २१ डिसेंबर २०२३ चा आणि तोही आयर्लंडमधल्या प्रकरणातला. कामगार असलेल्या मुलीकडे राहायला आलेल्या रुमानियन आईने अपंगत्वभत्ता मागितला. तो दिला तर ती मुलीवर अवलंबून राहणार नाही आणि देशावर अवाजवी ओझे होईल, असे सांगून तो नाकारण्यात आला होता. न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. कामगार आपल्या कराने आणि वर्गणीने त्या देशाच्या व्यवस्थेला हातभार लावत असतो, त्यामुळे त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईला समान वागणूक मिळालीच पाहिजे. आयुष्यभर राबलेल्या बाईला मदत मागताच ‘आता तू मुलीची आश्रित नाहीस’ असे ऐकवणे किती निर्दय होते! तो निकाल आला याचे मला मनापासून समाधान आहे.

तरीही आईंना या घडीला आणू नये, असेच मी सांगेन. त्यांचा सगळा हक्क आपल्या कामगार असण्यावर टेकलेला राहील, आणि मुलीच्या शाळेचा जो आधार वर सांगितला तो पालकासाठी आहे, आजीसाठी नाही. आपण पुन्हा नोकरीत स्थिरावलात की व्हिसासाठी अर्ज करावा. त्या स्वतः १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या असल्यामुळे ‘त्यांचाही पोर्तुगीज पासपोर्ट काढून टाका’ असे कोणी सुचवेल. त्याने येणे सोपे होईल, पण त्यांचे भारतीय नागरिकत्व जाईल, आणि या वयात तो निर्णय त्यांचा त्यांनी घ्यायचा आहे.

शेवटचे, कार्यपद्धतीविषयी. तोंडी नकार हा नकार नव्हे. अर्ज भरून द्यावा, पोच घ्यावी आणि कारणांसह लेखी निर्णय मागावा. तो विरुद्ध गेला तर सोशल वेल्फेअर अपील्स ऑफिसकडे विनाशुल्क अपील करता येते. मुदत निर्णयाच्या पत्रात दिलेली असते, ती त्याच दिवशी दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. अपिलाचा मसुदा एकट्याने करू नये. आपल्या भागातील सिटिझन्स इन्फर्मेशन केंद्र मोफत साहाय्य करते आणि एफएलएसी ही संस्था मोफत कायदेशीर सल्ला देते. पोर्तुगालमधून यू१ येण्यास विलंब झाला तर दोन देशांच्या कार्यालयांमधील अशा अडचणी सोडवण्यासाठी संघाची सोल्व्हिट ही विनामूल्य यंत्रणा आहे. जाताना सोबत पासपोर्ट, ११ महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या, महसूल खात्याच्या संकेतस्थळावरून काढलेला नोकरीचा वार्षिक गोषवारा, घरभाड्याचा करार, शाळेचे पत्र, एजन्सीचे संदेश आणि गेल्या सात आठवड्यांत जिथे जिथे कामासाठी विचारणा केली त्यांची यादी न्यावी. लेखी निर्णय हाती आला की त्यातील कारणांचा परिच्छेद मला पाठवावा. अपिलात कोणता मुद्दा आधी मांडायचा हे त्यावरून ठरवता येईल.